कुंदा

गट नंबर एकशे बाराची वारसनोंद करायची आहे.
तलाठी म्हणतो, मूळ पुरुषाचं नाव सांगा.
मी सांगते, उखर्डू.
तो पेन थांबवून बघतो. खरंच?
हो, उखर्डूच.
आधीची तीन गेली म्हणून चौथ्याला
आईनं उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं,
मरण आलंच, तर त्याला वाटावं
हा तर कुणीतरी टाकून दिलेला.

त्याची बायकोही तसलीच. सुपडी.
सुपात घालून पायलीभर दादरीला
शेजारणीला विकलेली आणि परत घेतलेली.
अशी ही दोन चकवलेली माणसं
एका माघात तापीचा उतार ओलांडून
अनेरच्या वरच्या अंगाला आली.
गाड्यात काय होतं ते घरात अजून पाठ आहे :
एक नांगर, दोन कुदळी,
राखेत घोळलेलं वांग्याचं बी,
लाल फडक्यात कानबाईचा नारळ,
आणि जात्याचा फक्त खालचा दगड.
वरचा उतारात गाडं कललं तेव्हा गेला.
पुढं कितीतरी उन्हाळे आमचे लोक
तापी आटली की तिथं चाचपायला जायचे.
आता बॅरेजचं पाणी आहे.

सरकारी कौलात लिहिलं होतं
पाच वर्षं सारा माफ.
कुंद्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

कुंदा म्हणजे गवत नव्हे,
काळ्या जमिनीनं आत धरलेला राग.
वरून कापा, हसतो.
कंबरभर खणा, ढेपा उलथ्या घाला,
सबंध चैत्र-वैशाख उन्हात मारा,
मग कुठं ढेकूळ सुटतं.
उखर्डू खणायचा, सुपडी मुळ्या वेचायची.
पहिल्या पावसाळ्यात हिवतापानं धाकटा नेला.
दुसऱ्यात वाघानं धुरेचा बैल नेला.
तिसरी विहीर कोरडी निघाली त्या रात्री
उखर्डू म्हणाला, जाऊ परत.
सुपडी काही बोलली नाही.
सकाळी तिनं वांग्याची रोपं लावली.

त्याच आठवड्यात
कुंद्याच्या मुळ्यांनी आवळलेला
एक गोल दगड कुदळीला लागला.
मधे भोक, कडेला खुंट्याची खाच.
जात्याचा वरचा दगड.

घरात सांगतात, जागा रिकामी होती.
सुपडी तसं सांगायची नाही म्हणे.

वरच्या पाड्यावरची वेस्ती मिठासाठी यायची.
मोह देऊन मीठ न्यायची,
दोघींत मिळून वीसेक शब्द.
सुपडीनं तो दगड तिच्यापुढं ठेवला.
वेस्तीनं भोकात बोट घातलं, कडेवरून हात फिरवला,
मिठाचं पुडकं उचललं
आणि गेली.

तिसऱ्या दिवशी आली ती मोह न घेता.
अंजनाच्या झाडापासून पावलं मोजत चालली,
एके जागी टाच आपटली. परत आपटली.
सुपडीनं आमच्या बोलीत विचारलं, आठे?
तिनं मान हलवली.

अकरा हातांवर लागलं.
अजून आटलेलं नाही.

तो दगड आमच्या तळीवर नीट कधी बसला नाही.
डगडगायचा, पीठ भरड पडायचं.
आमच्याकडं अजूनही भाकरी भरडच लागते,
नव्या सुना नाक मुरडतात, मग त्यांनाही लागते.
आणि दादर निघाली की पहिलं सूप
अंजनाखाली ठेवायचं, वर मिठाचा खडा.
कुणासाठी, ते माझ्या आईला माहीत नव्हतं.
ती म्हणायची, ठेवायचं असतं.

तलाठ्याच्या कागदावर रेघा खाली उतरत येतात,
उखर्डू, मग ओंकार, मग सुकलाल,
मग माझे वडील, मग मी.
आणखी कुणी राहिलं का, तो विचारतो.
रकान्यात जागा असते तेवढीच असते.
मी विचारते, सुपडी लिहिता येईल?
तो म्हणतो, ताई, ती तर मयत.
सगळेच मयत आहेत, मी म्हणते,
पण लिहून घेतो बापडा, समासात, पेन्सिलनं.

दुसरं नाव मी सांगत नाही.
सांगायला हवं होतं.

परतताना बांधावर थांबले.
उत्तरेच्या कोपऱ्यात कुंदा आलाय, हातभर,
दरसाली येतो.
खुरपं होतं पिशवीत.